कॉम्प्युटरवर पदार्थ ‘सापडतो’ तेव्हा नेमकं काय सापडतं?

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ‘एलके-९९ची बातमी आली तेव्हा मी बी.एस्सी.ला होते. थिअरीवाल्यांनी आठ-दहा दिवसांत कॅल्क्युलेशन करून तो पदार्थ अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा) असू शकतो म्हणून सांगितलं, आणि महिना उलटायच्या आत तो अतिवाहक नाही असं ठरलं. आता एआय लाखांनी नवे पदार्थ शोधतोय म्हणे. आमचे सर म्हणतात थिअरीत पीएच.डी. कर, लॅबचा खर्च नाही, यंत्र बिघडायची भीती नाही. पण खोलीत बसून पदार्थाचे गुणधर्म खरंच कळतात का? की शोधायचं प्रयोगवाल्यांनी आणि मागाहून कारणं द्यायची थिअरीवाल्यांनी?’

यंत्र बिघडायची भीती नाही, हे आधी खोडून काढते. ऐन मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी बसला की काय होतं, ते तुमच्या सरांनी पाहिलेलं दिसत नाही. बाकीचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि वीस-बावीस वर्षं हेच काम केल्यावरही त्याचं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर मला देता येत नाही. म्हणून लांबण लावते आहे.

एलके-९९पासूनच सुरू करू. २२ जुलै २०२३ला दक्षिण कोरियातल्या एका गटाने दोन लेख सार्वजनिक केले. शिसं, फॉस्फेट आणि ऑक्सिजन यांचं अॅपेटाइट नावाचं खनिज असतं. त्यातल्या काही शिशाच्या जागी तांबं बसवलं की साध्या हवेच्या दाबाखाली, उकळत्या पाण्याहूनही जास्त तापमानाला तो पदार्थ अतिवाहक राहतो, असा दावा होता. सोबत चुंबकावर एका बाजूने उचललेल्या काळपट खड्याचा व्हिडिओ. जुलैच्या अखेरीस अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या सिनेड ग्रिफिन यांचं कॅल्क्युलेशन आलं. सोशल मीडियावर त्याचं भाषांतर झालं ‘थिअरीचं शिक्कामोर्तब’.

त्या लेखात काय होतं? तांबं शिशाच्या एका विशिष्ट जागीच बसलं असं धरलं, तर फर्मी पातळीजवळ, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेजवळ, एक सपाट, इतरांपासून सुटा असा ऊर्जापट्टा (इलेक्ट्रॉनांना बसता येईल अशा ऊर्जांची पट्टी) तयार होतो. एवढंच. पट्टा सपाट म्हणजे इलेक्ट्रॉन जागचे फारसे हलत नाहीत. हलत नाहीत म्हणून एकमेकांशी त्यांची कुरबुर वरचढ ठरते. आणि कुरबूर वरचढ ठरली की पदार्थ अतिवाहक होऊ शकतो, चुंबक होऊ शकतो, किंवा सरळ विद्युतरोधक होऊन बसू शकतो. माझा अनुभव विचाराल तर पैज तिसऱ्यावर लावा. शिवाय त्याच लेखात स्पष्ट म्हटलं होतं की तांब्याला ती विशिष्ट जागा ऊर्जेच्या हिशेबाने महाग पडते, ते दुसऱ्याच जागी बसणं पसंत करेल. हे वाक्य कुणी शेअर केलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. इलिनॉय विद्यापीठातल्या प्रशांत जैन यांनी दाखवून दिलं की कोरियन नमुन्याचा विद्युतरोध ज्या तापमानाला, म्हणजे १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास, धाडकन खाली येतो, नेमकं तेच तापमान तांब्याच्या सल्फाइडची स्फटिकरचना बदलण्याचं आहे. आणि नमुन्यात ते सल्फाइड अशुद्धी म्हणून होतंच. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत गंधकाचा संबंध न येऊ देता एलके-९९चे शुद्ध स्फटिक वाढवले, तर ते निघाले जांभळट आणि पारदर्शक. पारदर्शक स्फटिकातून वीज वाहायची अपेक्षाच नको. रोध निघाला लाखो ओहमचा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही नमुने बनवून पाहिले होते. त्यांनाही अतिवाहकता दिसली नाही.

आता सांगा, कॅल्क्युलेशन चुकलं का? ‘अणू असे बसले तर इलेक्ट्रॉन काय करतील?’ असा प्रश्न त्याला विचारला होता, त्याचं उत्तर त्याने दिलं. ‘अणू असे बसतील का?’ हा दुसरा प्रश्न. ‘कोरियातल्या त्या खड्यात काय आहे?’ हा तिसरा, आणि तो कॅल्क्युलेशनला विचारायचाच नसतो. आमच्या कामातली निम्मी अक्कल आपण मशीनला नक्की कोणता प्रश्न टाकला आहे हे ओळखण्यात जाते. बाकीची निम्मी त्याच्या उत्तरावर किती विसंबायचं हे ठरवण्यात.

हे सगळं चालतं कसं? एखाद्या स्फटिकातले इलेक्ट्रॉन काय करतात याचं समीकरण १९२६पासून माहीत आहे, श्रोडिंगरचं. अडचण ते सोडवण्याची आहे. लोखंडाच्या एका अणूत २६ इलेक्ट्रॉन, प्रत्येकाचे तीन निर्देशांक, म्हणजे ७८ चल. प्रत्येक चलासाठी नुसते दहा बिंदू घेतले तरी तरंगफलन, म्हणजे त्या समीकरणाचं उत्तर, साठवायला एकावर ७८ शून्यं इतके आकडे लागतात. सूर्यातले सगळे अणू मोजले तर एकावर ५७ शून्यं होतात. आणि हा फक्त एक अणू झाला. वाल्टर कोह्न याला घातांकी भिंत म्हणत.

१९६४मध्ये पिएर होहेनबर्ग आणि कोह्न यांनी सिद्ध केलं की सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेपुरती या राक्षसी तरंगफलनाची गरजच नाही. अवकाशात कुठे किती दाट इलेक्ट्रॉन आहेत एवढं कळलं की पुरे. दाटी हे तीनच चलांचं फलन. वारीत दहा लाख माणसं चालत असतात, पण वाखरीच्या मुक्कामाला पाण्याचे टँकर किती लागतील हे ठरवायला प्रत्येक वारकऱ्याचं नाव-गाव लागत नाही. कुठे किती गर्दी आहे ते कळलं की भागतं. पुढच्याच वर्षी कोह्न आणि लू शाम यांनी ती दाटी प्रत्यक्ष काढायची रीत दिली. एकमेकांशी भांडणाऱ्या इलेक्ट्रॉनांऐवजी न भांडणारे काल्पनिक इलेक्ट्रॉन घ्यायचे, आणि भांडणाचा सगळा परिणाम एका पदात कोंबायचा. हीच डेन्सिटी फंक्शनल थिअरी, बोलताना डीएफटी. कोह्नना १९९८चं नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं.

मेख त्या कोंबलेल्या पदात आहे. ते अस्तित्वात आहे हे सिद्ध झालंय, पण ते नेमकं कसं दिसतं ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून अंदाज वापरतात. सर्वांत जुना अंदाज म्हणजे एलडीए: इलेक्ट्रॉनांचा एकसारखा पसरलेला वायू घ्यायचा, त्याची उत्तरं माहीत आहेत, ती बिंदूगणिक उसनी आणायची. १९९६चा पीबीई त्याच्या पुढची पायरी. हे अंदाज इतके चांगले का चालतात याची कारणं देता येतात, पण ती वाचून समाधान झालेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही.

हे वाचून कळत नाही, करून कळतं. क्वांटम एस्प्रेसो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये चालतं. सिलिकॉन घ्या. इनपुट फाइल वीस-पंचवीस ओळींची. स्फटिकाच्या पेटीचा, म्हणजे जो तुकडा पुन्हापुन्हा रचला की स्फटिक बनतो त्याचा, आकार सांगायचा, तिच्यात दोन अणू: एक मूळबिंदूवर, दुसरा तिन्ही दिशांना पाव अंतरावर. सिलिकॉनचे १४ इलेक्ट्रॉन, पण आतले दहा केंद्रकाला चिकटून असतात, बंधात भाग घेत नाहीत. त्यांना केंद्रकासोबत गुंडाळून एक स्यूडोपोटेन्शियल बनवलेलं असतं, ती तयार फाइल उतरवून घ्यायची. उरले अणूमागे चार. मग दोन आकडे तुम्ही ठरवायचे: इलेक्ट्रॉन ज्या तरंगांची बेरीज म्हणून मांडतात ते किती बारीक घ्यायचे त्याची ऊर्जामर्यादा, आणि के-बिंदूंची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ज्या तरंगलांबी-दिशांसाठी गणित करायचं त्यांची, जाळी किती दाट. सुरुवातीला ३० रायडबर्ग (हे ऊर्जेचं एकक) आणि ८ गुणिले ८ गुणिले ८ घ्या.

एंटर मारलं की स्क्रीनवर फेऱ्या सुरू होतात. मशीन दाटीचा एक अंदाज धरतं, त्यातून विभव काढतं, त्या विभवात इलेक्ट्रॉन बसवतं, त्यातून नवी दाटी निघते, जुनीत थोडी मिसळून पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला ऊर्जेचा आकडा छापला जातो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तो उड्या मारतो, मग दशांशचिन्हापुढचा एकेक अंक गोठत जातो. आठ-दहा फेऱ्यांत, काही सेकंदांत, उणे १५.८ रायडबर्गच्या आसपास येऊन थांबतो. त्या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. स्यूडोपोटेन्शियल बदललं की तो बदलतो. अर्थ फरकाला असतो. पेटीचा आकार थोडा लहान करून, थोडा मोठा करून दहा वेळा तेच करा, आलेख काढा. वाटीसारखा वक्र येईल. वाटीचा तळ एलडीएत ५.४० अँग्स्ट्रॉमला (एक अँग्स्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), पीबीईत ५.४७ला. क्ष-किरणांनी मोजलेलं उत्तर ५.४३.

मी हा आलेख पहिल्यांदा काढला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि हॉस्टेलवर सांगायला कुणी जागं नव्हतं. सिलिकॉनबद्दल मशीनला आपण काय सांगितलं? अणुक्रमांक १४ आणि रचनेचा साचा. खऱ्या सिलिकॉनचा एकही मोजलेला आकडा दिला नाही. तरी अणू एकमेकांपासून किती लांब बसतील ते एक टक्क्याच्या आत सांगितलं. थोडं पुढे जाऊन त्याचा कडकपणा, त्यातली अणूंची कंपनं काढा, तीही जवळपास बरोबर येतात.

आता त्याच कॅल्क्युलेशनमधून बँड गॅप वाचा, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या पट्ट्यांमधली ऊर्जेची फट. ती नसली की पदार्थ धातू. येईल ०.५ किंवा ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खरा १.१. निम्मा! सिलिकॉनच्या जागी जर्मेनियम घाला: एलडीएत गॅप जवळजवळ मिटूनच जातो, म्हणजे ज्यापासून पहिला ट्रान्झिस्टर बनला तो अर्धवाहक मशीनच्या मते धातू. फाइल तीच, गणित तेच. एक उत्तर एक टक्क्याच्या आत बरोबर, दुसरं पन्नास टक्क्यांनी चूक.

नवे विद्यार्थी इथे दोनपैकी एक टोक गाठतात. एक तर सगळंच बोगस म्हणतात, नाहीतर तो आकडा कानाडोळा करून पेपरात छापतात. खरं कारण असं की कोह्न आणि शाम यांच्या रीतीने वचन दिलंय ते दाटीचं आणि एकूण ऊर्जेचं. तिच्यातले मधले पट्टे ही त्या काल्पनिक, न भांडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची पातळी. एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागेल हे ते पट्टे सांगतील असं वचन कुणी दिलेलंच नव्हतं. आपण सवयीने वाचतो, आणि बहुतेक वेळा आकार बरोबर निघतो म्हणून सोकावतो. गॅप हवाच असेल तर जीडब्ल्यू सारखी महागडी पद्धत आहे. पाया लार्स हेडिन यांनी १९६५मध्ये घातला, खऱ्या अर्धवाहकांवर ती १९८५च्या सुमाराला चालू लागली. सिलिकॉनला ती बरोबर उत्तर देते. मशीनचे तासही तसेच खाते.

माझी स्वतःची फजिती सांगते. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मला निकेल ऑक्साइडवर काम दिलं होतं. मिठासारखी रचना, पेटीत एक निकेल एक ऑक्सिजन, सोपं. कॅल्क्युलेशन म्हणालं धातू. मी मानलं, आणि त्यावर इमले चढवले: कंपनं, पृष्ठभाग, प्रकाशाचं शोषण. तीन महिने. आलेख घेऊन शेजारच्या लॅबमधल्या प्रयोगवाल्या सरांकडे गेले. त्यांनी सगळे आलेख शांतपणे पाहिले, उठले, मागच्या फळीवरून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. आत फिकट हिरवी पूड. म्हणाले, “हे निकेल ऑक्साइड. धातू असा दिसतो का?”

चूक दुहेरी होती. निकेलच्या अणूंना चुंबकत्व असतं हे मी इनपुटमध्ये सांगितलंच नव्हतं, आणि मशीन आपणहून सममिती मोडत नाही. शून्यापासून सुरू केलं तर शून्यावरच बसून राहतं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे या पदार्थात निकेलचे थर एक वर, एक खाली असे उलटसुलट चुंबक धरतात. माझ्या पेटीत निकेल एकच. उलट कुणाच्या राहणार? बरोबर उत्तर त्या पेटीत मावतच नव्हतं. पेटी दुप्पट केली, चुंबकत्व दिलं, तर गॅप उघडला, पण किंचितसा. खरा आहे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास.

हा किंचितपणा मात्र माझा दोष नव्हता. पट्ट्यांच्या हिशेबाने जे धातू असायला हवेत ते काही ऑक्साइड प्रत्यक्षात वीज वाहू देत नाहीत, हे द बूर आणि फरवे यांनी १९३७मध्येच नोंदवलं होतं. नेव्हिल मॉट यांनी पुढे त्याचा उलगडा केला: इलेक्ट्रॉन शेजाऱ्याच्या अणूवर जाऊ पाहतो, पण तिथे आधीच एक बसलेला असतो, आणि दोघांनी एकत्र राहण्याची किंमत इतकी जास्त की सगळे आपापल्या जागी अडकून पडतात. मुंबईच्या लोकलमध्ये दादरला जी अवस्था होते ती. एलडीए सरासरी गर्दी पाहतं, दोघांतला हा थेट वाद त्याला नीट दिसत नाही. मग १९९१पासून लोक त्यात यू नावाचं एक पद वरून जोडतात. ते उपयोगी आहे, मीही वापरते. पण यू म्हणजे रेडिओचं बटण आहे. फिरवत राहिलं की हवं ते स्टेशन लागतं. ‘आम्ही यू इतका घेतला कारण त्याने प्रयोगाशी जुळतं’ असं वाक्य पेपरात दिसलं की त्या पेपराला भाकीत म्हणू नका. एलके-९९सारख्या सपाट पट्ट्याच्या पदार्थात नेमका हाच भाग महत्त्वाचा असतो, म्हणजे आमची काठी जिथे सर्वांत आखूड तिथेच पाणी सर्वांत खोल.

मग थिअरीने आधी सांगितलं आणि प्रयोगात नंतर दिसलं, असं होतं का? होतं. माझ्या मते सर्वांत देखणं उदाहरण मर्क्युरी टेल्युराइडचं. २००६मध्ये बर्नेविग, ह्यूज आणि झांग यांनी म्हटलं की कॅडमियम टेल्युराइडच्या दोन थरांमध्ये मर्क्युरी टेल्युराइडचा पातळ थर दाबला, तर साधारण ६.३ नॅनोमीटरपेक्षा जाड असेल तेव्हा आतून रोधक पण कडांवरून वाहक अशी अवस्था मिळेल. त्याहून पातळ असेल तर नाही. वर्षभरात जर्मनीतल्या वुर्झबर्गला मोलेनकांप यांच्या गटाने जाड आणि पातळ दोन्ही नमुने बनवून मोजलं आणि तसंच निघालं. यात प्रचंड कॅल्क्युलेशन नव्हतं. कागदावर मावेल असं चार बाय चारचं मॅट्रिक्स होतं. पण प्रश्न असा विचारला होता की उत्तर चुकलं असतं तर लगेच उघडं पडलं असतं. अशी भाकितं मला आवडतात.

दुसरं उदाहरण मोठ्या मशीनचं, आणि ते सरळसोट नाही, म्हणूनच सांगते. हायड्रोजन हलका, त्याची कंपनं वेगवान, म्हणून हायड्रोजनने भरलेले पदार्थ दाबाखाली धातू झाले तर चांगले अतिवाहक होतील, असं नील अॅशक्रॉफ्ट यांनी २००४मध्ये सुचवलं होतं. २०१४मध्ये चीनमधल्या एका गटाने कॅल्क्युलेशन करून सांगितलं की हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा तोच वायू, १६० गिगापास्कल दाबाखाली ८० केल्विनच्या आसपास अतिवाहक होईल. गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दहा हजार पट. तेव्हा १६० म्हणजे सोळा लाख पट. हा दाब दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, केसाच्या जाडीइतक्या जागेत निर्माण करतात. जर्मनीत माइंट्सला मिखाइल एरेमेट्स यांच्या गटाने तसं करून पाहिलं, आणि २०१५मध्ये त्यांना मिळाले २०३ केल्विन, म्हणजे उणे ७० सेल्सिअस. भाकितापेक्षा अडीच पट! कारण दाबाखाली तो वायू तसा राहतच नाही. फुटतो आणि गंधकाच्या एका अणूमागे तीन हायड्रोजन असलेला नवाच पदार्थ बनतो. त्या पदार्थाचं गणित दुसऱ्या चिनी गटाने २०१४मध्येच छापलं होतं, २०० गिगापास्कलला १९१ ते २०४ केल्विन. पहिल्या गटाचा पदार्थ चुकला, पण त्याच्या भाकितामुळे एरेमेट्स त्या वायूकडे वळले. याला यश म्हणायचं की योगायोग? मी यश म्हणते, पण त्यावर वाद घालणारे सहकारी मला आहेत.

इथे थिअरी पुढे चालू शकली कारण अतिवाहकतेचं कारण माहीत होतं: अणूंची कंपनं इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवतात, बीसीएस सिद्धांत, १९५७. कारण ठाऊक असलं की आकडे काढता येतात. याउलट तांब्याच्या ऑक्साइडमधली अतिवाहकता, बेडनोर्ट्स आणि म्यूलर यांना १९८६मध्ये सापडली, तिचं सर्वांना मान्य असं कारण आजही नाही. तिथे कुणी ‘अमुक पदार्थ अमुक केल्विनला’ असं कॅल्क्युलेशन दाखवलं तर हसून चहा पाजावा. बीसीएसच्या आधी आणि नंतरही शेकड्यांनी अतिवाहक शोधणाऱ्या बेर्न्ट माटियास यांच्या नियमांत ‘थिअरीवाल्यांपासून लांब राहा’ असा एक नियम होता म्हणतात. त्यांच्या काळापुरता तो योग्यच होता.

सपाट पट्ट्यांचा विषय निघालाच आहे म्हणून ग्राफीनचंही, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थराचंही. दोन थर एकावर एक किंचित फिरवून ठेवले तर १.१ अंशाच्या आसपास पट्टे सपाट होतील, हे बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनल्ड यांनी २०११मध्ये लिहिलं. २०१८मध्ये एमआयटीत हारिलो-हेरेरो यांच्या गटाने थर तेवढे फिरवले, तर इलेक्ट्रॉनांची संख्या बदलेल तशी रोधक अवस्थाही मिळाली आणि १.७ केल्विनखाली अतिवाहकताही. बघा, भाकीत पट्ट्यांचं होतं आणि ते तंतोतंत उतरलं. अतिवाहकता भाकितात नव्हती, ती प्रयोगाने दिली. एलके-९९च्या वेळी ‘सपाट पट्टा’ हे शब्द ऐकून लोक का चेकाळले ते यावरून कळेल.

आणि ‘मागाहून कारणं देणं’ याला तुम्ही जरा नाक मुरडलंत, त्याबद्दल एक पुण्याची गोष्ट. गॅलियम हा धातू २९.८ अंशाला वितळतो. एप्रिलमध्ये पुण्यात बाटलीतच पाणी होतो. एखाद्या धातूचे थोडक्या अणूंचे पुंजके घेतले तर ते मूळ धातूपेक्षा कमी तापमानाला वितळायला हवेत, कारण त्यांचे बहुतेक अणू पृष्ठभागावर असतात आणि सैल असतात. २००३मध्ये मार्टिन जॅरल्ड यांच्या गटाने अमेरिकेत मोजलं तर गॅलियमचे पुंजके उलट कितीतरी जास्त तापमानापर्यंत घट्ट राहिले. पुणे विद्यापीठात दिलीप कान्हेरे यांच्या गटाने १३ आणि १७ अणूंच्या पुंजक्यांवर डीएफटीने अणूंची हालचाल चालवून पाहिली आणि २००४मध्ये कारण छापलं: मूळ गॅलियममध्ये अणू जोडीजोडीने राहतात आणि जोड्या एकमेकींना सैलपणे धरतात, पुंजक्यात जोड्या मोडून सगळीकडे सहसंयुजी बंध तयार होतात, ते जास्त मजबूत. ही ‘मागाहून’ दिलेली कारणमीमांसा नसती तर तो प्रयोग एक चमत्कार म्हणून कपाटात पडून राहिला असता. हा प्रश्न सोडवायला प्रचंड यंत्र लागलं नाही, पण महिनोन् महिने चालणारं यंत्र लागलं आणि ते चालू ठेवणारी माणसं लागली.

एआयबद्दल थोडक्यात, कारण तिथे अजून धुरळा खाली बसायचा आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये गूगल डीपमाइंडने २२ लाख नव्या स्फटिकरचना जाहीर केल्या, त्यातल्या सुमारे ३ लाख ८० हजार स्थिर म्हणून. ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ इथे फार नेमका आहे: शून्य केल्विनला, डीएफटीच्या हिशेबाने, हा पदार्थ फुटून शेजारच्या पदार्थांत विभागला गेला तर ऊर्जा वाचत नाही. बस्स. तो बनवता येईल का, त्याला चारशे अंशांच्या भट्टीत काय होईल, त्याचा उपयोग काय, यांपैकी काही नाही. या कसोटीवर हिरा नापास होतो. ग्रॅफाइट त्याच्यापेक्षा अणूमागे इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दोन-तीन शतांशांनी स्वस्त आहे. तरी माझ्या आजीच्या हिऱ्याच्या कुड्या तीन पिढ्यांत पेन्सिलीचं शिसं झालेल्या नाहीत.

त्याच सुमाराला बर्कलेच्या एका स्वयंचलित प्रयोगशाळेने ५८पैकी ४१ पदार्थ रोबोटने बनवल्याचं जाहीर केलं. रॉबर्ट पालग्रेव्ह, लेस्ली शूप वगैरे स्फटिकरसायनाच्या जाणकारांनी ती क्ष-किरण चित्रं तपासली आणि म्हणाले की यातले बरेचसे जुनेच, माहीत असलेले पदार्थ आहेत. कॅल्क्युलेशनने दोन धातूंना वेगवेगळ्या ठरलेल्या जागा दिल्या होत्या. भट्टीत ते एकमेकांच्या जागांवर सरमिसळ होऊन बसले. पेटीत मांडताना प्रत्येक अणूला एक जागा द्यावीच लागते. निसर्गाला ती सक्ती नाही. माझ्या निकेलच्या पेटीची गोष्ट आठवा, चूक त्याच कुळातली आहे. आणि ही यंत्रं शिकतात ती डीएफटीच्याच उत्तरांवर, म्हणून गुरूचे दोष शिष्यात उतरतात. तरीही मी ही साधनं वापरते. एका संयुगाची कंपनं काढायला आठवडा लागायचा, ते काम आता दुपारच्या जेवणाआधी होतं, आणि मग त्यातली खात्री करण्याजोगी तीन-चार खऱ्या डीएफटीने पुन्हा तपासता येतात.

पीएच.डी. करावी का, तर ते तुमच्या स्वभावावर आहे. गट कसा निवडावा एवढं सांगू शकते. ज्या गाइडच्या दारात प्रयोगवाले येऊन भांडतात तो गट चांगला. मुलाखतीला जाल तेव्हा तिथल्या सीनियर विद्यार्थ्याला हळूच विचारा की कन्व्हर्जन्स कसं तपासता. तरंगांची मर्यादा आणि के-बिंदू वाढवून उत्तर हलत नाही ना, हे पाहण्याला कन्व्हर्जन्स म्हणतात. ‘सर सांगतात तेवढं घेतो’ असं उत्तर आलं तर दुसरं दार ठोठावा. पुण्यात आयसर, मुंबईत टीआयएफआर, बेंगळुरूला आयआयएससी आणि जवाहरलाल नेहरू केंद्र, शिवाय प्रयागराज, चेन्नई, कोलकाता इथल्या संस्था असे पर्याय आहेत. जेस्ट, गेट, नेट या परीक्षांपैकी काहीतरी द्यावं लागेल. मशीनची फार चिंता करू नका. १९९१मध्ये सी-डॅकने पुण्यात परम ८००० उभं केलं तेव्हा ती राष्ट्रीय बातमी होती. आता राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून अनेक संस्थांत मोठी यंत्रं आली आहेत, आयसर पुण्यातलं परम ब्रह्म त्यातलंच. रांग लागते, पण कुठे लागत नाही? आणि मशीनला हात लावण्याआधी टाइट बाइंडिंगने (इलेक्ट्रॉन अणूवरून शेजारच्या अणूवर उडी मारतो एवढंच धरणारी सोपी रीत) ग्राफीनचे पट्टे एकदा कागदावर काढा. वॉलेस यांनी १९४७मध्ये ते हातानेच काढले होते. तुम्हाला एक संध्याकाळ लागेल.

सुट्टीत वेळ असेल तर वर सांगितलेला सिलिकॉनचा आलेख करून पाहा. मग जर्मेनियम. मग निकेल ऑक्साइड, आधी दोन अणूंच्या पेटीत, नंतर चार अणूंच्या. चौथ्या दिवशी काहीतरी विचित्र आकडा येईल आणि तो तुमच्या चुकीमुळे आहे, पद्धतीच्या मर्यादेमुळे आहे, की पदार्थच तसा आहे, हे कळणार नाही. तेव्हा इनपुट फाइल जशीच्या तशी पाठवा, आलेखाचा फोटो नको.